शिवणीतली माया

मशीनचा दिवा चालू राहू दे, उमामा. तू माझ्या भावाची मुलगी, पुढच्या महिन्यात तुझा निकाह, आणि कपडे मीच शिवणार आहे, म्हणून हे तुला सांगून टाकते. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी केल्या नाहीत. दापोलीला आमच्या मोहल्ल्यात बायका सुरू झाल्या की मी उठून जायचे. पण हे याच खोलीत घडलंय, भर दुपारी. आणि आठवलं की मला भीती नंतर वाटते, आधी राग येतो.

जून महिना होता. इथे आखातात, वादी अदाईत, जूनमध्ये काय होतं ते तुला माहीत आहे. मागचा उघडा डोंगर दिवसभर तापतो आणि त्याची धग थेट खिडकीवर येते. एक ते चार सगळी दुकानं बंद, रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही, एसीची घरघर तेवढी चालू. त्या शनिवारी सकाळी मी एका अबायाला बटणं लावत बसले होते. बेल वाजली. दारात मैथिली उभी होती.

मैथिली पुण्याची. इथे ऑफिसांच्या इंटिरियरचं काम करते. दोन वर्षं ब्लाउज माझ्याकडेच शिवायची, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून चहाला थांबायची. त्या दिवशी तिच्याबरोबर एक उंच अमेरिकन होता. डेल त्याचं नाव. पंचेचाळिशीचा असेल. कोणी न सांगता त्याने दाराबाहेर बूट काढले, माझ्याशी हात न मिळवता छातीवर हात ठेवून सलाम केला. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच्या हातात एक चपटं खोकं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं, पातळ कागद बाजूला केले आणि आतून एक झगा निघाला. सुती, लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा. कधीकाळी पांढरा असेल, आता चहाच्या रंगावर गेलेला. त्यातून साबणाचा उग्र वास आला आणि त्या वासाखाली आंबट दुधाचा, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

"मावशी, लग्न ठरलं माझं," मैथिली म्हणाली. "हा डेलच्या खापरपणजीचा ड्रेस आहे. लवीना तिचं नाव. मला रिसेप्शनला हाच घालायचाय. खांद्यात आणि कमरेत सैल करून द्याल का?"

मी मुबारक म्हटलं, टेप काढली आणि मापं घेऊ लागले. डेल खुर्चीत बसून लवीनाबद्दल सांगत होता, हळू, माझ्यासाठी सोपं इंग्रजी निवडून. ही माणसं मॉर्मन पंथाची. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वाळवंटात त्यांनी वस्ती केली, आणि तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळ पुरुषांना एकापेक्षा जास्त बायका असत. देवाची आज्ञाच आहे असं त्यांना सांगितलं होतं. सरकारने कायदे केले, कित्येकांना तुरुंगात टाकलं, तेव्हा १८९०मध्ये त्यांच्या प्रमुखांनी ते थांबवल्याचं जाहीर केलं. आज कोणी पहिली जिवंत असताना दुसरी केली तर त्याला धर्मातून काढून टाकतात. पण लवीनाच्या नवऱ्याने त्याआधीच चार केल्या होत्या. लवीना पहिली.

"लवीना फार मोठ्या मनाची होती," डेल म्हणाला. "रीतच अशी होती की पहिल्या बायकोने नव्या मुलीचा उजवा हात स्वतःच्या हाताने धरायचा आणि नवऱ्याच्या उजव्या हातात द्यायचा. तिने तीन वेळा दिला. वाळवंटात कापड मिळायचं नाही, म्हणून चौघींनी हाच झगा घातला."

आणि मग तो माझ्याकडे बघून अगदी आदराने म्हणाला, "इथे लोकांना सांगताना मला संकोच वाटतो. पण तुम्ही मुस्लिम आहात, तुम्हाला समजेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे अमीन फूफा तिकडे खाबुरा गावात दुकान चालवतात आणि महिन्यातून दोनदा इकडे येतात, आणि तिथे माझी सवत सादिया आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. एक गोष्ट तुला ठाऊक नाही. सादियाचा निकाहाचा जोडा, सगळे कपडे, मीच शिवले होते. तुझे फूफा म्हणाले, तुझ्याइतकं चांगलं कोण शिवणार. लोकांनीही माझी वाहवा केली. शकीलाचं मन बघा, केवढं मोठं. कोणी मला विचारलं नाही की शकीला, मन मोठं करायला जागा कुठून आणलीस? आणि हा परका माणूस माझ्या घरात बसून म्हणतो, तुम्हाला समजेल. हो बाबा, समजतं. मला सगळंच समजतं.

मी टेप गुंडाळली आणि मैथिलीला मराठीत म्हटलं, "तुमच्याकडेही होतंच की हे. कायदा येईपर्यंत."

"हो, माझ्या पणजोबांना दोन बायका होत्या," ती हसली. मग हसू ओसरलं. "पण मावशी, आता तसं काही नाही. फक्त... डेलची पहिली बायको रूथ, ती वारली ना, तिच्याशी त्याचं लग्न अनंतकाळासाठी लागलंय. आधी आमचं कोर्टात होईल. मग मी त्यांचा धर्म घेतला की वर्षभराने मंदिरात तसंच माझं लागेल. म्हणजे वर गेल्यावर रूथ आणि मी दोघी."

"आणि तू आधी गेलीस तर?"

"तर तो अजून एक करू शकतो. म्हणजे तीही वर असेल."

"आणि तो आधी गेला तर?"

"मग मला जिवंतपणी परत तसं नाही करता येत. बाईला एकदाच." ती बांगडी फिरवत राहिली. "आय ॲम ओके विथ इट. खरंच, आय ॲम ओके."

तिने हे दोनदा म्हटलं. ज्याला खरंच चालतं तो एकदा म्हणतो आणि चहा मागतो. पंधरा दिवसांनी तिचं अमेरिकेचं विमान होतं. पोरगी लाखात एक, आणि मेल्यानंतरच्या सवतीसाठी आतापासून जागा करून द्यायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झगा उसवायला घेतला. कपडा उलटा केला आणि हातच थांबला. शिवणीत आपण माया सोडतो ना, पुढे सैल करता यावं म्हणून बोटभर, फार तर दोन बोटं? या झग्यात दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया होती. कापड मिळत नाही अशा वाळवंटात! आणि त्या मायेत सुईच्या भोकांच्या ओळी होत्या. शिवण उसवली तरी जुन्या कापडात भोकं राहतात. मी मोजल्या. चार ओळी. एक बारीक मुलीच्या मापाची, एक थोराड, एक तर इतकी लहान की ती पोर पंधराची असावी.

चारही ओळींवर टाका एकच होता. हाताची उलट टीप, बारीक, आणि सगळे टाके उलट्या बाजूला कललेले. डावखुऱ्या बाईचे. माणसाची सही बदलेल, टाका बदलत नाही. म्हणजे लवीनाने नुसता हात नव्हता दिला. तिघींच्या मापाने स्वतःच्या लग्नाचा झगा तीनदा उसवून तीनदा तिनेच शिवला होता. आणि पहिल्यांदा कापड बेतलं तेव्हाच, लग्न व्हायच्या आधी, चार बोटं माया सोडली होती. तिला तेव्हाच सांगून ठेवलेलं असणार की अजून येतील. मी मोठ्याने शिवी दिली. रिकाम्या घरात.

उजवी शिवण पूर्ण उसवली, जोहरची नमाज पढायला आत गेले. दहा मिनिटं लागली असतील. परत आले तर शिवण बंद होती.

मी विचार केला, वय झालं, डावी उसवली असेन. उलटून बघितलं. उजवीच होती. नव्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, माझ्याच रिळाच्या. बारीक टीप, उलट्या बाजूला कललेली. रीळ मशीनखाली पडलं होतं आणि अजून हळूहळू फिरत होतं.

मी ओरडले नाही. कोणाला ओरडणार? पुन्हा उसवली. या वेळी स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम पाठ करून उभी राहिले. एसीच्या घरघरीखाली एक आवाज येत होता. कापडातून दोरा ओढला जातो ना, तो. सर्र... थांबून सर्र... मधूनच टक. बोटात घालायच्या अंगुस्तान्यावर सुई टेकल्याचा. घाई नव्हती. ज्या बाईला दिवसभर काम आहे आणि जिला कुठे जायचं नाही, तिच्या हाताची लय होती ती. आंबट दुधाचा वास थेट ओट्यापर्यंत आला. मी कुराणातल्या आयती पुटपुटत राहिले आणि आवाज थांबल्यावरच वळले.

शिवण बंद होतीच. पण त्याहून जास्त झालं होतं. उजव्या बाहीचं तोंड शिवलं होतं. मनगटापाशी, आडवं, घट्ट, हात बाहेर येऊच नये असं.

खोटं कशाला सांगू, उमामा, मला आनंद झाला. भीती होतीच, आणि वर आनंद झाला. मला वाटलं, शाबास बाई! दीडशे वर्षांनी का होईना, तू नाही म्हणालीस. उजवा हात बाहेर येणार नाही, तर देणार काय? मी मशीनसमोर बसून त्या झग्याला म्हटलं, बाही राहू दे तशीच. मी नाही उसवत. येऊ दे त्यांना.

बुधवारी दुपारी दोनला दोघं आले. डेलला मी हॉलमध्ये बसवलं, हा मधला पडदा ओढून घेतला आणि मैथिलीला इथे आरशासमोर उभी केली. मनात ठरवलं होतं की हात अडकला की तिला सगळं सांगायचं, ओळी दाखवायच्या, तो पंधराच्या पोरीचा माग दाखवायचा. बाजूच्या शिवणी मी सकाळीच उसवून टाचण्या लावल्या होत्या, आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता. झगा तिला अंगासरसा बसला. डावा हात सहज बाहेर आला. उजवा बाहीच्या तोंडाशी थांबला.

"मावशी, हे शिवलेलंय का?"

"शिवलंय. मी नाही शिवलं. ऐक, तुला काही सांगायचंय..."

"मावशी." तिचा आवाज एकदम लहान झाला. "आत कोणीतरी हात धरलाय."

मी बघितलं. बाही तिच्या हातापेक्षा जाड दिसत होती. आत दोन हात असावेत इतकी.

"घट्ट धरलाय?"

"नाही... घट्ट नाही. जपून. लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तसं..." तिच्या ओठांवरचा रंग उडाला. "थंड आहे हो. आणि ती ओढतेय."

"कुठे?"

तिने मानेनेच दाखवलं. पडद्याकडे.

पडद्याच्या फटीतून एक हात आत आला होता. डेलचा उजवा हात, मनगटापर्यंत. तळवा वर, बोटं उघडी. बाहेरून त्याचा गोंधळलेला आवाज आला, "तुम्ही मला बोलावलंत का? कोणीतरी म्हणालं, हात पुढे कर..."

तेव्हा मला समजलं. मी किती मूर्ख! बाई नकार देत नव्हती. बाही तिने हात अडवायला शिवली नव्हती, हात सुटू नये म्हणून शिवली होती. ती अजून तेच करत होती, जे तिला शिकवलं होतं. अनंतकाळ म्हणजे दुसरं काय? नवरा गेला, वाळवंट गेलं, कायदे आले, धर्माने स्वतः ती चाल टाकून दिली, पण तिला कोणी येऊन सांगितलंच नाही की बाई, आता पुरे. ती आपली उजवे हात देतेच आहे.

शिवलेल्या तोंडाची ती बाही मैथिलीला घेऊन पडद्याकडे निघाली. एक पाऊल. दुसरं. मैथिली रडत नव्हती, ओढून घेत नव्हती, नुसती चालत होती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी मोठी कात्री उचलली.

"सोड तिला," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, मला दुसऱ्या भाषेत भांडता येत नाही. "लवीना, सोड. तुला कोणी विचारलं नव्हतं. मलाही नव्हतं विचारलं. हिलाही कोणी विचारलेलं नाही. खलास झालं, बाई. सोड."

ओढ क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, तशीच जपून. पडद्यातला हात आता वीतभरावर होता. मी मैथिलीच्या खांद्याशी मुंढ्यात कात्री घातली आणि बाही गोल कापून काढली. दीडशे वर्षांचं कापड, पण ते नव्या कापडासारखं करकरत फाटलं. मैथिलीने उघडा दंड मागे खेचला आणि माझ्या अंगावर कोसळली. बाही खाली पडली नाही. ती हवेत आडवी राहिली, आत भरलेली, पुढे टेकलेली, आणि डेलची बोटं तिच्या शिवलेल्या तोंडावर मिटली. मग कापड रिकामं झालं आणि त्याच्या हातातून लोंबत राहिलं.

त्याने पडदा सारला. त्याला काय दिसलं असेल? फाटका झगा, कात्री घेतलेली म्हातारी, आणि माझ्या अंगावर रेललेली मैथिली. "माझ्या घराण्याची वस्तू होती ती," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं.

मैथिलीने त्याच्यासमोरच खुंटीवरचा कुर्ता झग्यावर चढवला. "डेल, आय ॲम नॉट ओके," ती म्हणाली. "कधीच नव्हते."

"पण तू हो म्हणाली होतीस."

"तू विचारलंच नव्हतंस. तू समजावून सांगितलंस, आणि मी मान डोलावली."

त्याने हातातली बाही सरळ केली. मग म्हणाला की तिकडे गेल्यावर शांतपणे बोलू. ती म्हणाली, मी तिकडे येणार नाही. तिने आत जाऊन झगा काढला, माझ्या हातात दिला, मला घट्ट मिठी मारली आणि रस्त्यावरून टॅक्सी करून गेली. ती आज पुण्यात आहे, बरी आहे. तिच्या उजव्या मनगटाला उन्हाळ्यातही हुडहुडी भरते, एवढंच लिहिते कधीतरी.

डेलने झगा स्वतः घडी घातला, बाहीसकट खोक्यात ठेवला, मला सलाम केला आणि खाली उतरला. मी खिडकीशी गेले. अडीच वाजले होते, ऊन इतकं पांढरं की डोळे मिटत होते. त्याने खोकं पुढच्या सीटवर ठेवलं. मग मागचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. ठेवायला हातात काही नव्हतं. बायकांना आत बसायला वेळ द्यावा तसा उभा होता, कुठेतरी लांब बघत, आणि मला वाटतं, आपण का थांबलोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडी मागून खाली बसली. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा थोडीशीच, वजनाने हलकी कोणी चढावी तशी. मग चौथ्यांदा. त्याने दार लावलं.

माझ्याने राहवलं नाही. खिडकी उघडून मी सगळा जीव एकवटून ओरडले, "अगो बायांनो, उतरा! कोण अडवतंय तुम्हाला? उतरा!"

गाडी सुरू झाली होती. चालत्या गाडीचं मागचं दार हळूच वीतभर उघडलं आणि तसंच राहिलं, रस्त्याच्या वळणापर्यंत. मी श्वास रोखून बघत होते. मग आतूनच कोणीतरी ते ओढून घेतलं.